न्यूझीलंडचं ‘चर्च कॉलेज’: ज्या कारणाने उघडलं, त्याच कारणाने बंद झालं

प्रश्न असा आहे: न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टन शहरालगत मॉर्मन चर्चची ‘चर्च कॉलेज ऑफ न्यूझीलंड’ नावाची निवासी माध्यमिक शाळा होती. (तिकडे माध्यमिक शाळेलाही कॉलेज म्हणतात.) भाविकांनी बिनपगारी राबून ती उभी केली, ती पन्नास वर्षं चालली आणि २००९ च्या अखेरीस चर्चने ती कायमची बंद केली. सरकारने मान्यता काढली नव्हती, चर्चकडे पैसा नव्हता असंही नाही. मग बंद का केली? आणि हे चर्च शाळा काढतं तरी कशासाठी?

थोडक्यात सांगायचं तर, जिथे सरकारी माध्यमिक शाळा पोहोचलेली नाही तिथे आपण शाळा काढायची आणि सरकारी शाळा आली की बाजूला व्हायचं, हे या चर्चचं जवळजवळ शंभर वर्षांचं धोरण आहे. हॅमिल्टनची शाळा त्याच धोरणातून जन्मली आणि त्याच धोरणाने मिटली. पण तेवढ्याने उत्तर पुरं होत नाही, कारण ज्यांनी तिच्या भिंती रचल्या त्यांच्या लेखी ती कधीच तात्पुरती नव्हती. या दोन बाजू एकत्र धरल्या तरच हा इतिहास लागतो.

सुरुवात अमेरिकेतल्या युटापासून करावी लागते. मॉर्मन चर्च, म्हणजे ‘द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’, एकोणिसाव्या शतकात तिथे स्थिरावलं. माध्यमिक शिक्षणाची सरकारी सोय जवळपास नव्हती. १८७५ साली प्रोव्हो इथे ब्रिगहॅम यंग अकॅडमी निघाली, १८७७ साली लोगन इथे ब्रिगहॅम यंग कॉलेज. १८८८ साली चर्चने स्वतःचं शिक्षण मंडळ नेमलं, कार्ल मेझर यांना अधीक्षक केलं आणि प्रत्येक स्टेकने (काही मंडळ्या मिळून होणारा विभाग) आपली अकॅडमी काढावी असा आग्रह धरला. युटा, आयडाहो, ॲरिझोना, कॅनडाचा अल्बर्टा आणि उत्तर मेक्सिको एवढ्या पट्ट्यात या अकॅडम्या उभ्या राहिल्या.

मग सरकार आलं. १८९० साली युटात मोफत सरकारी शाळांचा कायदा झाला आणि पुढच्या वीसेक वर्षांत सरकारी हायस्कुलं वाढत गेली. भाविकांवर दुहेरी बोजा पडू लागला: सरकारी शाळेसाठी कर भरायचा आणि अकॅडमीसाठी चर्चला पैसे द्यायचे. तोडगा १९१२ साली सॉल्ट लेक सिटीतल्या ग्रॅनाइट हायस्कूलशेजारी निघाला. विद्यार्थी सरकारी शाळेतच शिकणार, पण दिवसातला एक तास शेजारच्या चर्चच्या इमारतीत जाऊन धर्मशिक्षण घेणार. या तासाला ‘सेमिनरी’ म्हणतात. पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीशी त्याचा संबंध नाही. एक छोटी इमारत आणि एक-दोन शिक्षक एवढ्यात काम भागतं. अख्खी शाळा चालवण्याच्या खर्चाचा तो अगदी लहानसा तुकडा आहे.

१९२० साली चर्चने बहुतेक अकॅडम्या बंद करायचं किंवा सरकारला द्यायचं ठरवलं. त्या वेळी चर्चचे शिक्षण आयुक्त होते डेव्हिड ओ. मॅके. ते स्वतः आधी ऑग्डेनच्या वेबर अकॅडमीचे मुख्याध्यापक होते आणि तीच वेबर संस्था पुढे १९३३ साली युटा राज्याच्या ताब्यात गेली. हे नाव लक्षात ठेवा, कारण ३८ वर्षांनी हेच मॅके चर्चचे अध्यक्ष या नात्याने न्यूझीलंडच्या शाळेचं समर्पण (प्रार्थना करून वास्तू देवाला अर्पण करण्याचा विधी) करायला उभे होते. अमेरिकेत शाळा मिटवायचं धोरण ज्यांच्या कारकिर्दीत ठरलं, त्यांनीच पॅसिफिकमध्ये शाळा उघडल्या. यात विसंगती शोधू नये. दोन्हीकडे कसोटी एकच होती: सरकारी शाळा पोहोचली आहे का?

आता न्यूझीलंड. तिथे मॉर्मन मिशनचं काम १८५४ साली सुरू झालं. (त्याच दशकात ह्यू फिंडले नावाचे या चर्चचे स्कॉटिश मिशनरी मुंबईत आणि पुण्यात होते, मराठीही शिकले होते. ते मिशन मात्र काही वर्षांतच गुंडाळलं गेलं.) सुरुवातीला गोऱ्या वसाहतवाल्यांमध्ये थोडीफार मंडळी मिळाली. खरी वाढ १८८० च्या दशकात माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, खेड्यांमध्ये झाली. १८८९ साली बुक ऑफ मॉर्मन या चर्चच्या धर्मग्रंथाचा माओरी अनुवाद छापला गेला. या मंडळ्या बहुतेक उत्तर बेटाच्या ग्रामीण भागात होत्या, आणि त्या भागात माध्यमिक शाळा नव्हत्या. मुलाला पुढे शिकवायचं तर दूरच्या वसतिगृहात ठेवावं लागे, आणि माओरी मुलांसाठीची वसतिगृहं अँग्लिकन किंवा कॅथलिक मिशनची होती. अँग्लिकनांचं ‘ते औते’ कॉलेज हे त्यांतलं सर्वांत नावाजलेलं. मॉर्मन कुटुंबापुढचा पेच यातून कळतो.

म्हणून १९१३ साली हॉक्स बे भागात, हेस्टिंग्जजवळ कोरोंगाटा इथे, ‘माओरी ॲग्रिकल्चरल कॉलेज’ निघालं. शेती, जनावरं, सुतारकाम आणि शालेय विषय असा अभ्यासक्रम होता, शिक्षक बहुतांश अमेरिकेतून आलेले मिशनरी. मिशनरी दोन-तीन वर्षांसाठी यायचे आणि परत जायचे. अशा शाळेत कोणत्याही विषयाची घडी बसायला वेळ लागतो. शिक्षकाला मुलांचा अंदाज येतो तोवर त्याची बोट निघते. तरी शाळेने नाव कमावलं, ते रग्बीत. १९२४ साली ब्रिटन-फ्रान्सच्या दौऱ्यावर गेलेल्या न्यूझीलंड संघाचे फुलबॅक जॉर्ज नेपिया याच शाळेत शिकले. १९ वर्षांच्या या पोराने त्या दौऱ्यातला प्रत्येक सामना खेळला आणि तो संघ एकही सामना हरला नाही.

३ फेब्रुवारी १९३१ रोजी सकाळी पावणेअकराच्या सुमारास हॉक्स बेमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. नेपियर आणि हेस्टिंग्ज शहरं कोसळली, अडीचशेहून जास्त माणसं गेली. कोरोंगाटाच्या इमारती वापरण्याजोग्या उरल्या नाहीत आणि शाळा परत उघडली नाही. भूकंपाने शाळा पाडली हे खरं, पण ती परत न बांधण्यामागे भूकंप एवढंच कारण धरणं मला पुरेसं वाटत नाही. जगभर मंदी होती आणि चर्च तर अमेरिकेतल्याच शाळा सोडून देत होतं. अशा वेळी बेटावरची पडलेली शाळा उभी करायला जोर कुठून येणार?

पुढची सत्तावीस वर्षं न्यूझीलंडमध्ये चर्चची माध्यमिक शाळा नव्हती. याच काळात तिथलं सरकारी शिक्षण बदलत होतं. १९३६ साली प्राथमिकच्या शेवटी असलेली चाळणी परीक्षा रद्द झाली, १९४४ साली शाळा सोडण्याचं किमान वय १५ झालं, १९४६ पासून स्कूल सर्टिफिकेट परीक्षेची नवी रचना आली. कागदावर माध्यमिक शिक्षण सगळ्यांसाठी खुलं झालं. पण दूरच्या माओरी खेड्यात हायस्कूल पोहोचायला अजून अवकाश होता. जे मिळालं ते अनेकदा प्राथमिक शाळेला जोडलेले दोन-तीन वर्ग. दुसरं महायुद्ध संपल्यावर चर्चने न्यूझीलंडसाठी पुन्हा शाळा बांधायचं ठरवलं ते या पार्श्वभूमीवर. युद्धकाळात तिथे मिशन अध्यक्ष असलेले मॅथ्यू काउली उत्तम माओरी बोलायचे. पुढे ते चर्चच्या बारा प्रेषितांपैकी एक झाले आणि पॅसिफिकचा सगळा कारभार त्यांच्याकडे आला. माओरी मंडळ्यांचं म्हणणं सॉल्ट लेकपर्यंत पोहोचवणारा माणूस मिळाला.

जागा निवडली ती वायकाटो भागात, हॅमिल्टनच्या नैर्ऋत्येला तुहिकारामेआ इथे. फ्रँकटनचं मोठं रेल्वे जंक्शन जवळ, त्यामुळे उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून येणारी मुलं गाडीने उतरू शकत. निवासी शाळेसाठी हा मुद्दा फार मोठा असतो. वर्षातून तीन-चार वेळा शेकडो मुलं सामानासकट आणायची आणि परत पाठवायची असतात. जवळच शेतीची जमीनही होती. मात्र या परिसरातली बरीच जमीन पीटची, म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली कुजलेल्या वनस्पतींचा काळा, स्पंजासारखा थर. अशा जमिनीत आधी चर खणून पाणी काढावं लागतं. पाणी काढलं की थर आक्रसतो आणि जमिनीची पातळी वर्षानुवर्षं खाली जात राहते. घाईने रस्ता केला तर तो खचतो, कुंपणाचे खांब वाकडे होतात, आणि फार कोरडी पडली तर जमीन आतून धुमसत जळते. म्हणून असल्या भागात बांधकाम उंचवट्याच्या घट्ट जमिनीवर आणि पीटवर कुरण, हीच शहाणपणाची वाटणी.

आता बांधणीकडे येऊ, कारण या शाळेचं वेगळेपण तिथेच आहे. युद्धानंतर न्यूझीलंडमध्ये सिमेंट, लाकूड, कुशल कारागीर, सगळ्याचीच टंचाई होती. घरबांधणीला प्राधान्य होतं. कंत्राटदाराला काम देऊन शाळा बांधायची तर खर्च आवाक्याबाहेर जाणार आणि माणसंही मिळणार नाहीत. त्याच सुमारास टोंगात लिआहोना ही चर्चची शाळा बांधताना एक पद्धत हाताशी आली होती, ती इथे मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. तिला ‘लेबर मिशनरी’ पद्धत म्हणतात. आपल्याकडे श्रमदान म्हटलं की एखादा दिवस किंवा आठवडा डोळ्यांसमोर येतो. इथे माणूस साधारण दोन वर्षांसाठी यायचा आणि पुष्कळ जण त्याहून जास्त राहिले.

पद्धत अशी चाले. अमेरिकेतून सुतार, गवंडी, प्लंबर, वायरमन अशा अनुभवी माणसांना पर्यवेक्षक म्हणून बोलावणं जाई. ते बायकामुलांसह येत, पगाराशिवाय. एकूण कामाची धुरा जॉर्ज बीझिंगर यांच्याकडे होती आणि त्यांच्यावर वेंडेल मेंडेनहॉल, जे पुढे चर्चच्या जगभरच्या बांधकामाचे प्रमुख झाले. स्थानिक मंडळ्यांमधून तरुण मुलगे आणि कुटुंबंच्या कुटुंबं येत, बहुतेक माओरी. राहण्या-जेवण्याची सोय आणि थोडा हातखर्च मिळे. धान्य, मांस, बटाटे, कुमारा (तिकडचं रताळं) मंडळ्यांकडून येई, स्वयंपाकघर बायका सांभाळत. एक पर्यवेक्षक आणि त्याच्या हाताखाली शिकाऊ पोरांची टोळी. पोरगा एका कामात तयार झाला की नव्यांना शिकवायला लागे. बांधणी संपली तेव्हा शाळेबरोबरच गवंडी आणि सुतारांची एक पिढी तयार झालेली होती. त्यांतल्या बऱ्याच जणांचा पुढचा पोटापाण्याचा धंदाही तोच झाला. माझ्या मते शाळेचा पहिला वर्ग ती उघडण्याआधीच, बांधकामावर, बसला होता.

भिंतींसाठी सिमेंटचे पोकळ ब्लॉक निवडले आणि ते जागेवरच बनवले. याचं कारण तांत्रिक आहे आणि माणसांच्या हिशोबाचंही आहे. लाकडी जोडकाम शिकायला वर्षं लागतात. ब्लॉकचं काम नवख्याला एका चांगल्या गवंड्याच्या देखरेखीत काही आठवड्यांत जमतं. साधारण मापाचा ब्लॉक १६ इंच लांब, ८ इंच रुंद, ८ इंच उंच, मध्ये दोन पोकळ्या. मिश्रण जवळजवळ कोरडं लागतं. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पण पाणी सुटू नये. साच्यात भरून कंप देऊन दाबायचं आणि लगेच साचा काढायचा. पाणी जास्त झालं तर साचा काढताच ब्लॉक बसतो, कमी झालं तर कोपरे भुगा होऊन पडतात. नंतर ब्लॉक ओलसर ठेवावे लागतात. पहिल्या आठवड्यात ऊन-वाऱ्याने सुकले तर वरून ठीक दिसतात आणि आतून कच्चे राहतात. पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात. त्यामुळे ब्लॉकचा कारखाना गवंड्यांच्या किमान महिनाभर पुढे चालला पाहिजे. ही साखळी तुटली की पन्नास हात रिकामे बसतात. मोठ्या श्रमदानाच्या कामात हीच नेहमीची चूक होते: माणसं आली, माल नाही.

न्यूझीलंडमध्ये नुसते ब्लॉक एकावर एक रचून भागत नाही. १९३१ च्या भूकंपानंतर १९३५ साली तिथे बांधकामाचे भूकंपविषयक नियम आले. पोकळ्यांमधून उभ्या सळ्या घालून त्या पातळ काँक्रीटने भरायच्या आणि ठरावीक उंचीवर आडवा सळईचा पट्टा फिरवायचा, ही रीत. कोणत्या पोकळ्या भरल्या आणि कोणत्या नाहीत हे भिंत लिंपल्यावर बाहेरून कळत नाही. ही बारीक गोष्ट ध्यानात ठेवा, शाळा बंद झाल्यानंतरच्या वादात तिचं वजन पडतं.

काम चालू असतानाच, जानेवारी १९५५ मध्ये अध्यक्ष मॅके पॅसिफिकच्या दौऱ्यावर आले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच शाळेशेजारच्या टेकडीवर मंदिर बांधायचं जाहीर झालं. मॉर्मन मंदिर म्हणजे रविवारची प्रार्थना होते ती इमारत नव्हे. विवाहासारखे विशेष विधी तिथेच होतात आणि जगात अशी मंदिरं तेव्हा मोजकीच होती. दक्षिण गोलार्धात तर एकही नव्हतं. डिसेंबर १९५५ मध्ये मंदिराचं भूमिपूजन झालं. तेच ब्लॉक, तीच माणसं. शाळेच्या इतिहासाला इथे वळण मिळालं. नुसती शाळा असती तर ती एक संस्था राहिली असती. मंदिर आल्याने त्या जागेला तीर्थक्षेत्राचं रूप आलं, दूरदूरची कुटुंबं तिथे कायमची राहायला आली आणि गावाचं नावच टेंपल व्ह्यू पडलं.

शाळेचे वर्ग फेब्रुवारी १९५८ मध्ये सुरू झाले, कारण न्यूझीलंडचं शैक्षणिक वर्ष त्याच सुमारास सुरू होतं. पहिले मुख्याध्यापक क्लिफ्टन बॉयक. एप्रिल १९५८ मध्ये मॅके यांनी २० तारखेला मंदिराचं आणि त्याच आठवड्यात शाळेचं समर्पण केलं. पुढच्याच महिन्यात ऑकलंड स्टेक स्थापन झाला, उत्तर अमेरिका आणि हवाई यांच्याबाहेरचा या चर्चचा पहिला स्टेक. म्हणजे १९५८ हे साल न्यूझीलंडच्या मॉर्मनांसाठी मिशनकडून स्थानिक कारभाराकडे जाण्याचं साल आहे. शाळा त्याचाच भाग होती. मंडळ्या चालवायला लिहिणारी, हिशोब ठेवणारी, सभेत उभं राहून बोलणारी माणसं लागतात आणि ती कुठून तरी यावी लागतात.

रोजचं शिक्षण सरकारी अभ्यासक्रमानुसार होतं. तेरा ते अठरा वयाची मुलं-मुली, पाचव्या फॉर्मला (माध्यमिकचं तिसरं वर्ष) स्कूल सर्टिफिकेट, सहाव्याला युनिव्हर्सिटी एन्ट्रन्स. पुढे या परीक्षा गेल्या आणि २००२ पासून श्रेयांकांची एनसीईए पद्धत आली. खासगी शाळेलाही सरकारी तपासणी आणि नोंदणी चुकत नव्हती. याच्या जोडीला धर्मशिक्षणाचा तास: जुना करार, नवा करार, बुक ऑफ मॉर्मन आणि चर्चचा इतिहास असं चार वर्षांचं चक्र. म्हणजे जी सेमिनरी अमेरिकेत सरकारी शाळेशेजारच्या इमारतीत भरे, ती इथे शाळेच्या वेळापत्रकातच होती. रग्बी, बँड, माओरी हाका (आवेशाचं समूहनृत्य) आणि गाणी यांना मोठं स्थान होतं. टोंगन आणि सामोअन कुटुंबांतली मुलंही इथे शिकली.

कारभाराच्या बाजूने सर्वांत महत्त्वाचं वर्ष १९७५. त्या वर्षी न्यूझीलंडने खासगी शाळांच्या सशर्त एकात्मीकरणाचा कायदा केला. आर्थिक अडचणीत आलेल्या कॅथलिक शाळांसाठी तो मुख्यतः होता. अट अशी: जमीन आणि इमारती संस्थेच्याच राहतील, त्या सरकारी दर्जाच्या ठेवणं संस्थेवर राहील, शिक्षकांचे पगार आणि चालू खर्च सरकार देईल आणि शाळेचं धार्मिक वैशिष्ट्य कायद्याने जपलं जाईल. पटसंख्येवर मर्यादा आणि इतर धर्मीय विद्यार्थ्यांचं प्रमाण करारात ठरवलं जाई. देशातल्या कॅथलिक शाळा या वाटेने गेल्या, अँग्लिकन ‘ते औते’ गेली. मॉर्मन शाळा गेली नाही, ती शेवटपर्यंत खासगी राहिली. शिक्षकांच्या पगारापासून वसतिगृहाच्या छपरापर्यंत मोठा भार चर्चच्या निधीवर, म्हणजे भाविकांच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्यावर होता.

शाळा बंद होण्याचं मूळ मी इथे शोधतो. एकात्मिक शाळेला मिटवायचं तर मंत्रालय, विश्वस्त मंडळ, पालक, सगळे वाटेत येतात, कारण पैसा सरकारचा असतो. खासगी शाळेचा निर्णय मालकाच्या एका बैठकीत होतो. शिवाय मालकाकडे दरवर्षी तोच प्रश्न येत राहतो: एवढ्या पैशात एका शाळेतली काही शे मुलं शिकवायची, की देशभरच्या सगळ्या मॉर्मन मुलांना सेमिनरी द्यायची? १९५८ साली हा प्रश्न असा पडत नव्हता, कारण पर्याय नव्हता. चाळीस-पन्नास वर्षांत माओरी कुटुंबं मोठ्या संख्येने शहरात आली, सरकारी हायस्कूल बसच्या अंतरावर आलं, आणि १९२० ची कसोटी इथेही लागू झाली.

जून २००६ च्या अखेरीस चर्चने जाहीर केलं की शाळा टप्प्याटप्प्याने बंद होईल. सरकारी शाळा पुरेशा असल्या की आपण शाळा चालवत नाही, हेच धोरण कारण म्हणून सांगितलं गेलं. २००९ चं शैक्षणिक वर्ष संपलं आणि शाळा मिटली. सुमारे साडेतीन वर्षांची मुदत मिळाली. एकदम टाळं लावण्यापेक्षा हे बरं, पण टप्प्याटप्प्याने बंद होणाऱ्या शाळेची स्वतःची दुखणी असतात. खालच्या वर्गात नवी मुलं येणं थांबलं की पट घटतो. पट घटला की पर्यायी विषयांचे वर्ग भरत नाहीत. चांगले शिक्षक पुढची नोकरी बघतात, आणि ज्यांना पूर्ण शिक्षण देण्यासाठी मुदत दिली त्याच शेवटच्या मुलांच्या वाट्याला विरळ शाळा येते. म्हणून अशा वेळी शिक्षकांना शेवटपर्यंत थांबण्यासाठी लेखी हमी आणि मोबदला देणं, आणि कोणते विषय अखेरपर्यंत चालतील हे पहिल्याच वर्षी पालकांना सांगणं, या दोन गोष्टी जगात कुठलीही शाळा बंद करताना कराव्याच लागतात.

माजी विद्यार्थ्यांचा आणि लेबर मिशनऱ्यांच्या कुटुंबांचा विरोध झाला. त्यांचा मुद्दा पुरेशा सरकारी शाळांचा नव्हताच. सरकारी शाळेत माओरी मुलाला काय अनुभव येतो, तिथे त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवली जाते, आणि आपल्या आजोबांनी बांधलेल्या शाळेत तो काय होऊ शकतो, हा त्यांचा मुद्दा होता. जागा आहेत का, हे मोजता येतं. हे मोजता येत नाही आणि धोरणाच्या कसोटीत त्याला रकाना नाही. माझ्या मते धोरण प्रामाणिकपणे लावलं गेलं, पण कसोटी अपुरी होती.

इतर देशांतल्या शाळांशी ताडून पाहिलं की हे स्पष्ट होतं. मेक्सिकोच्या चिवावा राज्यात कोलोनिया हुआरेस इथली अकॅडमी १८९७ पासूनची. १९२० च्या लाटेत ती वाचली, कारण ती अमेरिकेबाहेर होती आणि तिथे तोडीची सरकारी सोय नव्हती. ती आजही चालते. टोंगातली लिआहोनाही चालते. तिथे चर्चच्या शाळा देशाच्या माध्यमिक शिक्षणाचाच एक मोठा हिस्सा आहेत, त्या काढल्या तर सरकारला ते भगदाड बुजवता येणार नाही. मेक्सिको सिटीतल्या ‘बेनेमेरितो दे लास आमेरिकास’चं मात्र वेगळं झालं. १९६४ साली सुरू झालेली ही मोठी निवासी शाळा २०१३ साली बंद झाली, पण तिथे निमित्त सरकारी शाळांचं नव्हतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये चर्चने मिशनरी होण्याचं किमान वय मुलांसाठी १८ आणि मुलींसाठी १९ केलं, मिशनऱ्यांची संख्या वर्षभरात ५८ हजारांवरून ८० हजारांपुढे गेली, आणि त्यांच्या प्रशिक्षणासाठी तयार वसतिगृहांचा मोठा परिसर लागला. जानेवारीत घोषणा, जूनमध्ये प्रशिक्षण केंद्र सुरू. हॅमिल्टनला साडेतीन वर्षं मिळाली, मेक्सिकोला काही महिने.

टेंपल व्ह्यूमध्ये शाळा मिटल्यावर दुसरा वाद सुरू झाला, इमारतींचा. चर्चने परिसराच्या पुनर्विकासाची योजना आणली, त्यात शाळेच्या बऱ्याच इमारती पाडायच्या होत्या. वारसा म्हणून त्या ठेवाव्यात असं म्हणणारे उभे राहिले. त्याच सुमारास, २०१०-११ मध्ये, क्राइस्टचर्चचे भूकंप झाले आणि देशभर जुन्या इमारतींची कसून तपासणी सुरू झाली. नव्या इमारतीला लागणाऱ्या ताकदीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी ताकद भरली तर इमारत धोकादायक ठरते. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत सळ्या आणि भराव कुठे आहे हे बाहेरून दिसत नाही, असं मघाशी सांगितलं ते इथे आडवं येतं. भोकं पाडून किंवा यंत्राने भिंत तपासून मगच हिशोब मांडता येतो, आणि मजबुतीचा खर्च नव्या बांधकामाच्या जवळ जातो. शेवटी काही इमारती पडल्या, काही राखल्या. मॅथ्यू काउली यांच्या नावाचं पॅसिफिक चर्च इतिहासाचं संग्रहालय उभं राहिलं. मंदिर २०१८ साली नूतनीकरणासाठी बंद झालं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा समर्पित झालं.

या शाळेवर कोणी मराठीत लिहिणार असेल तर तीन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. पहिला तारखांचा: वर्ग सुरू झाले फेब्रुवारी १९५८ मध्ये, समर्पण एप्रिलमध्ये, आणि मंदिराचं समर्पण वेगळ्या दिवशी. एकाच तारखेत तिन्ही कोंबू नका. दुसरा ठिकाणाचा: जुन्या कागदांत तुहिकारामेआ किंवा फ्रँकटन असेल, नंतरच्या कागदांत टेंपल व्ह्यू. तिन्ही एकाच परिसराची नावं आहेत. तिसरा लेबर मिशनऱ्यांच्या संख्येचा. कोणी फक्त पूर्ण मुदत काढलेले पुरुष मोजतो, कोणी बायका-मुलांसह, कोणी सुट्टीत येऊन आठवडाभर राबलेल्यांनाही धरतो. आकडा देताना तो कोणाचा आहे आणि त्यात कोण कोण धरलं आहे हे लिहा. विशेषतः स्वयंपाकघरात राबलेल्या बायका त्यात आहेत की नाहीत ते बघा, कारण बऱ्याच याद्यांमध्ये फक्त नवऱ्यांची नावं असतात.